सातवी सवाष्ण

मार्गशीर्षातल्या गुरुवारचं व्रत मी लग्न झाल्यापासून करत आले आहे. पण गेल्या वर्षीचं व्रत मी देवीवर रुसून केलं, हे आधीच कबूल करते. त्याच्या आदल्या मार्गशीर्षात माझे जावई काविळीने हॉस्पिटलात होते. साधी कावीळ म्हणता म्हणता लिव्हरवर गेलं. पहाटे कलश मांडायचा, दुपारी डबा घेऊन हॉस्पिटल गाठायचं आणि जाता-येता तोंडात एकच मागणं, याला राख, बाकी तुझं काही नको. तिसऱ्या गुरुवारी उपास सोडायच्या आधी फोन आला. जावई पस्तिशीचे, माझी प्रणाली एकतिशीची. चौथा गुरुवार त्या वर्षी झालाच नाही.

तीन महिन्यांनी प्रणाली आमच्याकडे राहायला आली. पळस्प्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर आहे. पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिची नोकरी. तिथे म्हणे ती चांगली बोलते, पेशंट तिचं नाव काढतात. घरी मात्र तोंडाला कुलूप. मी विचारायचं आणि तिने "हं" म्हणायचं, असा आमचा संसार चालला होता. माझी जीभ मुळातच तिखट. "अशी किती दिवस बसणार आहेस?" असं मी दोनदा बोलून गेले. तिसऱ्यांदा बोलायची वेळ आली नाही, कारण तिने पुण्याच्या एका लॅबमध्ये अर्ज करून नोकरीही मिळवली होती. "मार्गशीर्ष झाला की एक तारखेला जाते," म्हणाली. मी म्हटलं, घर असताना हॉस्टेलवर कशाला? तर म्हणाली, "या घरात मी आहे कुठे, आई?" मला राग आला. दोन वेळचं गरम जेवण हातात देत होते, आणि ही म्हणते मी आहे कुठे.

मार्गशीर्ष लागला तेव्हा मी ठरवलं होतं, यंदा कलश नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई शेजारच्याच घरात राहतात. वय सत्तरच्या पुढे, आणि अख्ख्या गावाला धाक. त्यांना मी सांगितलं तर म्हणाल्या, "धरलेला वसा सोडायचा नाय, बाय. ती रागावली तं?" मी म्हटलं, रागावून आणखी काय नेणार आहे ती माझ्याकडून? जाऊबाई उठून घरी गेल्या. पण पहिल्या गुरुवारी सकाळी स्वतः येऊन पाच झाडांच्या डहाळ्या उंबऱ्यावर ठेवून गेल्या. मग काय करणार, मांडला कलश. पण देवीशी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याशी भांडण झालं की आपण ताट वाढतो पण तोंड फिरवून, तशी ती पूजा. देवीला साडी दरवर्षी प्रणाली नेसवायची, तिचा हात फार सुंदर. त्या वर्षी मीच कशीबशी गुंडाळली.

शेवटच्या गुरुवारी सात सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलवायचं असतं. प्रणालीने त्या दिवशी अर्धी रजा घेतली. फळं पुसली, ताटं लावली, वाटीत हळद-कुंकू काढून ठेवलं. साडेचार वाजले तशी कोणी काही म्हणायच्या आत उठली आणि मागच्या खोलीत गेली. मी तिला जा म्हटलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, ती गेली तेव्हा मला हायसं वाटलं. बायका येणार, कोण काय बोलेल, कोण नजर चुकवेल, त्यापेक्षा ते बरं. दार तिने नुसतं लोटलं होतं. मी जाऊन ते ओढून नीट बंद केलं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

साडेपाचपर्यंत जाऊबाई धरून सहा जणी आल्या. सातवी म्हणजे माझी नणंद, करंज्याहून यायची होती. तिचा फोन आला, "वहिनी, पळस्प्याला कंटेनर उलटलाय, गाडी जागची हलत नाय. तुमी उरकून घ्या." सातवी कुठून आणायची? आळीतल्या बाकीच्या बाया आपापल्या घरच्या हळदीकुंकवात. मी मनात म्हटलं, बघ, माझं एक काम धड होऊ द्यायचं नाहीच तुला. देवीशी महिन्याभरात बोललेलं हे पहिलं वाक्य.

तेवढ्यात अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. ड्रायव्हर होता. फार संकोचून म्हणाला, "काकी, गाडीत मॅडम आहेत. दोन तास अडकलोय ट्राफिकमध्ये. जरा बाथरूमला जायचं होतं." बाईमाणसाची अडचण, त्याला नाही कोण म्हणेल? मी म्हटलं, घेऊन या. तर गाडीतून उतरली ती भरजरी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. साडीवरून घेतलेल्या ओढणीने तोंड झाकून घाईघाईने आत आली, "सॉरी हं काकू," म्हणाली आणि मी दाखवलं त्या दिशेला जवळजवळ पळालीच.

पण ओढणी सरकायची ती सरकलीच. जाऊबाईंनी माझा दंड धरला. "अगो, ही ती आठच्या सीरियलमधली सून. तीच हाय." आठची मालिका म्हणजे आमच्या आळीतला नेम. त्यातली ही सून सगळ्यांचं करते, सगळ्यांचं सोसते, नवऱ्यासाठी वडाला फेऱ्या घालते. आमच्या सुनांना जाऊबाई तिचा दाखला द्यायच्या. ती आमच्या संडासात गेली आहे, हे कळल्यावर सहा सवाष्णींमध्ये जी कुजबुज सुरू झाली ती काय सांगू. एकीने केस सारखे केले. एकीने फोन काढला. आणि मला काय सुचावं, तर मी आत बादलीत पाणी भरलेलं होतं का याची काळजी करत उभी.

बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. हसली. पनवेलकडच्या कुठल्याशा फार्महाऊसवर शूटिंग होतं, तिथून कपडे न बदलताच निघाली होती, मुंबईत आई एकटी असते म्हणून. बायकांनी फोटो काढून घेतले, तिने एकीलाही नाही म्हटलं नाही. जाऊबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. म्हणाल्या, "किती सोसतेस गो." ती म्हणाली, "आजी, लिहिणाऱ्याला सांगा." सगळ्या हसल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. सातवी. देवीने सातवी पाठवली, आणि तीही कोण, तर सगळ्या सवाष्णींची सवाष्ण. महिन्याभराचा राग कुठल्या कुठे गेला. मी पाट मांडला, म्हटलं, "बसा, आज गुरुवार आहे, कुंकू घेतल्याशिवाय जायचं नाही."

ती बसली. कलशाकडे पाहून हात जोडले. मी करंगळीशेजारच्या बोटाला कुंकू घेतलं आणि तिच्या कपाळाशी हात नेला, तशी तिने माझं मनगट धरलं. हळूच धरलं, पण सोडलं नाही.

"काकू, एक मिनिट. हे सगळं कामाचं आहे. मंगळसूत्र, बांगड्या, सगळं. माझे मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. तुम्हाला चालत असेल तर लावा. नसेल चालत तर मला नुसतं पाणी द्या. मला राग येणार नाही, मला सवय आहे."

आवाज चढवून नाही, रडून नाही. आमच्याकडे गॅसवाला सिलेंडर ठेवून जाताना बोलतो तितक्या सरळ बोलली.  माझं बोट तसंच हवेत. खरं सांगते, त्या क्षणी मला देवी दिसली नाही की अंगावर काटा आला नाही. मला फक्त मागच्या खोलीचं दार दिसलं. टीव्हीवरची आहे म्हणून या परक्या बाईला मी कुंकू लावणार. मग पोटच्या पोरीला कुठल्या तोंडाने बंद दाराआड बसवलं मी? आणि हिला नको म्हटलं, तर आलेल्या पाहुणीला देवीसमोरच्या पाटावरून उठवल्याचं पाप. मला पुढचं काही सुचेना, म्हणून मी उठले. "बसा तुम्ही, उठू नका," एवढं तिला म्हटलं आणि जाऊन ते दार उघडलं.

प्रणाली पलंगावर बसली होती. तिने सगळं ऐकलेलं असणार, मधली भिंत अर्ध्या विटेची आहे. मी म्हटलं, "चल बाहेर." ती म्हणाली, "कशाला, फोटो काढायला?" मी म्हटलं, "कुंकवाला." ती माझ्या हाताकडे बघत राहिली. बोटाला कुंकू तसंच होतं. "बायका आहेत बाहेर," म्हणाली. मी म्हटलं, "असू देत. हे दार मी ओढलं होतं प्रणू, तू नव्हतंस लावलं. चुकलं माझं." आयुष्यात मी माझ्या लेकीला चुकलं म्हटल्याचं मला आठवत नाही. तिलाही आठवत नसावं, कारण ती लहानपणी रडायची तशी खालचा ओठ दाबून रडायला लागली. मी तिथेच तिच्या कपाळाला ते कुंकू लावलं. आमचं दोघींचं रडून झाल्यावर तिला हाताला धरून बाहेर आणलं. लॅबचाच ड्रेस, केस विस्कटलेले.

बाहेर आल्यावर तिने काय करावं? देवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, निऱ्या उलट्या घातल्यास." सरळ गुडघ्यावर बसली आणि सगळ्यांसमोर देवीची साडी सोडून पुन्हा नेसवायला लागली. पाटावरची ती नटी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि पदर धरून मदत करू लागली.  साडी झाल्यावर वाटी मी प्रणालीच्या हातात दिली. प्रणालीने तिला कुंकू लावलं. तिच्या कपाळावर आधीच ते मालिकेचं मोठं कुंकू होतं, त्याच्यावरच लावावं लागलं. ती डोळे मिटून म्हणाली, "मेकअपदादा रोज लावतो. पण कामाशिवाय असं कोणी तीन वर्षांत लावलं नव्हतं." तेव्हा मात्र तिचा आवाज फाटला.

सगळ्याच सवाष्णींनी हे गोड मानून घेतलं असं नाही. एक जण फळ तिथेच ठेवून, "उशीर झाला," म्हणून निघून गेली आणि आजही माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते. मला भीती होती ती जाऊबाईंची. त्या इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या. प्रणाली वाटी घेऊन त्यांच्यापुढे गेली आणि नुसती उभी राहिली, लावू की नको अशी. जाऊबाईंनी मान पुढे केली. "लाव की. हात दुखतो का तुजा?" म्हणाल्या. माझ्या या जाऊला मी चाळीस वर्षं घाबरत आले आहे. त्या संध्याकाळी मला तिचे पाय धरावेसे वाटले, आणि धरले.

रस्ता मोकळा झाल्याचं सांगायला ड्रायव्हर आला. नटीने खीर प्यायली, केळं पर्समध्ये टाकलं, प्रणालीच्या पाठीवर हात ठेवला आणि गेली. परत कधी भेट नाही, फोन नाही. मालिकेत ती अजून सोसतेच आहे. आम्ही बघतो, पण आता जाऊबाई सुनांना तिचा दाखला देत नाहीत. प्रणाली ठरल्याप्रमाणे एक तारखेला पुण्याला गेली. मी अडवलं नाही. दर शनिवारी येते, आल्याबरोबर आधी मला काहीतरी सुनावते, आणि मला ते ऐकायला बरं वाटतं.

लोक विचारतात, ती देवीच होती का? मला नाही सांगता यायचं. माझ्यापुरतं एवढंच खरं की जावयासाठी मी जे मागितलं ते मिळालं नाही. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि आता मी ते देवीकडे मागतही नाही. लेकीसाठी तर मी काही मागितलंच नव्हतं. मागायला हवं होतं हेच मला कळलं नव्हतं. ते न मागता घरात चालत आलं.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सगळ्या गेल्यावर आम्ही मायलेकी उपास सोडायला बसलो. एका ताटात घेतलं होतं. दोन घास झाल्यावर प्रणालीने विचारलं, "आई, ती आली नसती तर तू दार उघडलं असतंस?"

देवीसमोर बसले होते. खोटं बोलवेना. म्हटलं, "नसतं उघडलं गं."

तिने हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता ताटावरून उठते. मग म्हणाली, "म्हणजे बरं झालं तिला जोराची लागली."

मला आधी ठसका लागला, मग हसू. तीही हसायला लागली, आणि आमचं ते हसणं काही केल्या थांबेना. आमचे हे काय झालं म्हणून बाहेरून बघायला आले, त्यांना काही सांगता येईना. आम्ही हसत होतो, डोळे पुसत होतो, परत हसत होतो. नंतर मी देवीपुढे हात जोडून बसले. महिन्याभराने तिच्याशी धड बोलायला बसले होते, पण मागायचं काही आठवलंच नाही.