काही न सांगता बंद पडणारी मशीन

एरर दाखवून बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरचा किस्सा होत नाही. नंबर वाचायचा, पार्ट बदलायचा, मोकळं व्हायचं. किस्सा होतो तो चालता चालता गपकन बंद पडणाऱ्याचा. मशीनची नोंदवही, म्हणजे लॉग उघडावा तर आत एकच ओळ, मागच्या वेळी मशीन नीट बंद झाली नव्हती म्हणून. अरे, ते तर आम्हालाही दिसून राहिलं! सक्करदऱ्यात मेश्रामभाऊंच्या रिपेअरिंगच्या दुकानात पंधरा वर्षं काढली. डोकं खाल्लं ते अशाच मशिनींनी, आणि चार दोस्तांत बसलो की सांगायलाही त्याच आहेत.

भाऊंचे दोन नियम. गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा." जेवत असले तरी घास बाजूला ठेवून हेच सांगणार. त्यानं भागलं नाही तर रजिस्टरमध्ये नोंद, आणि खरं कारण सापडेपर्यंत 'कारण' हा रकाना कोरा. कोरा रकाना दिसला की भाऊंना जेवण जात नाही.

धंतोलीतल्या एका क्लिनिकची रिसेप्शनवरची मशीन फक्त सोमवारी बंद पडायची. मी दोनदा रॅम बदलली, एकदा पॉवर सप्लाय. शेवटी भाऊ म्हणाले, तू हात लावू नको, मी नुसता जाऊन बसतो. सोमवारी पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले आणि दोन तासांत छडा लावला. सोमवारी बाहेरगावची गर्दी. टेबलाखाली जागा दिसली की जो तो आपली पिशवी, पांघरुणाचं गाठोडं तिथं लोटायचा, आणि मशीनची हवा कोंडायची. तेवढ्यात रांगेतलाच समजून नर्सनं भाऊंचंही बीपी मोजलं. मशीन बरी झाली. भाऊंची गोळी मात्र तेव्हापासून चालू आहे.

रामटेककडच्या एका राइस मिलची मशीन उघडली तर आत राखच राख. मालक भाविक माणूस. रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायचे, आणि खोचून ठेवायला मागची जाळी त्यांना फार सोयीची वाटली. भाऊंनी हात जोडून समजावलं की पूजा करा, पण मागून नका करू, समोरून करा. मालकांना पटलं.

पुढच्या महिन्यात मॉनिटर दुरुस्तीला आला.

एका कोचिंग क्लासचे सर मे महिन्यात घामानं निथळत शिकवायचे आणि कूलरचं तोंड मशीनकडे. "माणसाले गरम होते, तं तिले काहून नाही होणार?" असं त्यांचं म्हणणं. कूलरचे तुषार खाऊन खाऊन बोर्डावर हिरवा गंज चढला होता. भाऊंनी एक पैशाचा पार्ट न बदलता कूलर सरांकडे वळवला. रजिस्टरमध्ये लिहिलं: 'कारण: माया.'

माझाही एक आहे, लपवत नाही. आठवडाभर एका मशीनवर डोकं आपटलं, तर आत एक सुटा स्क्रू लोळत होता. तो मागच्या सर्व्हिसिंगला मीच पाडलेला. भाऊंनी तो स्क्रू काडेपेटीत घालून माझ्या टेबलावर ठेवला, तो अजून तिथंच आहे. त्या दिवशी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता खुद्द भाऊंच्या घरचा. त्यांची पोरगी प्राची एका कंपनीचं काम घरून करते. नोकरी नवी, अजून कायम नाही. दुपारी ती मोठा रिपोर्ट चालू करून जेवायला उठायची, आणि परत यावं तर मशीन रीस्टार्ट झालेली, रिपोर्ट साफ. मॅनेजरनं सांगून टाकलं की शुक्रवारी रिपोर्ट आला नाही तर दुसरं माणूस बघू.

भाऊंनी रॅम बदलली, यूपीएस बदलला. शेवटी दुकानातली सगळ्यात चांगली मशीन नेऊन ठेवली. तीही बंद पडली! दोन दुपारी स्वतः घरी थांबले, तर वहिनी त्यांना गरम पोळ्या वाढत होत्या आणि मशीन मजेत चालत होती. "जगाच्या मशिनी पाह्यल्या गा, पोरीची एक समजून नाही राहिली," भाऊ म्हणाले. मला त्यांच्याकडे पाहवेना.

गुरुवारी त्यांनी मला पाठवलं. मी हॉलच्या कोपऱ्यात पेपर धरून बसलो. प्राची जेवायला उठली. तिचं ताट वाढून वहिनी पदराला हात पुसत आल्या, टेबलाखाली वाकल्या, यूपीएसचं बटण दाबलं आणि मोजायला लागल्या. एक, दोन, तीन...

मी ओरडलोच.

"काहून ओरडता भाऊजी? सर्व्हिसिंग करून राहिली," वहिनी म्हणाल्या. "ह्यांले घरच्या मशीनसाठी टाइम भेटत नाही. पोरीच्या नोकरीची वस्तू, जपायले नको? ते घरी असले की मी हात लावत नाही, त्यांचं काम त्यांनी करावं."

शुक्रवारी रिपोर्ट चालू झाला आणि भाऊ दुकान बंद ठेवून मशीनजवळ पहाऱ्याला बसले. मीही होतो. काटा सरकता सरकेना. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्राचीनं डोळे वटारले, म्हणून भाऊ बोलायला व्हरांड्यात गेले, त्यांच्या मागून मीही. कुणाची तरी मशीन अडकली होती. भाऊ सवयीनं म्हणाले, "बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा."

आतून वहिनींचा आवाज आला, "एक, दोन, तीन, चार..."

भाऊंनी फोन माझ्या अंगावर टाकला आणि आत पळाले. मी मागोमाग गेलो. वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या मोजत होत्या, आणि भाऊ टेबलाखाली यूपीएसला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते.

प्राची वाकून म्हणाली, "बाबा, रिपोर्ट गेला मॅनेजरकडे. सोडा आता त्याले."