मोसंबीच्या पानाचं भोक

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालची गोष्ट. कोपरगावच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी एक पागोटंवाले म्हातारबाबा बसले होते. पायाशी फवारणीच्या औषधाचा नवा डबा, हातात काड्यापेटी. ती ते सारखी कानाला लावायचे. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी पेटी उघडली. आत मोसंबीचं पान आणि त्यावर काळी, काटेरी अळी.

"बाई, ही खानारी हाय का राखनारी?"

मी शाळेत भूगोल शिकवायचे. मला काय कळणार?

"शेतकीचा सायेब म्हनला, समदे किडे वैरी नसत्यात, काही बाग राखत्यात. म्हनून पान दिलंय. खाल्लं तर चोर."

पेटी पुन्हा कानाला.

गाडी लागली तशी त्यांनी ती परत उघडली. पानाला भोक होतं. बाबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भोक मघाशी हुतं का वो?"

मी खूप आठवून पाहिलं. अळीची किळस आल्यामुळे पानाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्यांनाही आठवेना. कंडक्टर ओरडायला लागला.

बाबांनी पेटी जपून खिशात ठेवली आणि डबा उचलला. "आज न्हाई मारत," ते म्हणाले. "मारल्यावर कुनाला इचारनार?"