इलाहीभाईंनी बांधलेली गाडी

आमच्या चादरींच्या शहरातल्या भवानी पेठेत इलाहीबक्ष यांना कोणी विचारलं की एवढ्या वर्षांच्या डायव्हरकीत काय काय पाहिलंत, तर ते सांगत, "सगळं बघितलंय की. तिरुपती बघितलं, हंपी बघितली, गोवा बघितला. पार्किंगमधनं."

हे ते गमतीनं म्हणत, पण ते खरंच होतं. एका मालकाच्या टूरच्या गाड्यांवर त्यांची उमर गेली. प्रवासी उतरून गेले की डायव्हरनं गाडीपाशी थांबायचं, काचा पुसायच्या, सामानावर नजर ठेवायची, जमलं तर मागच्या सीटवर अंग टाकायचं, ही त्या धंद्याची रीत. मी ज्या चादर-टॉवेलच्या पेढीत हिशेब पाहतो, तिची वार्षिक सहल त्यांच्याच गाडीतून निघे. आम्ही दर्शन घेऊन, फोटो काढून परत येत असू तेव्हा ते दार उघडून उभे असत. "झालं का बघून?" एवढंच विचारत.

एका जागेबद्दल मात्र ते जास्त विचारत. विजापूरचा गोलघुमट. दर हिवाळ्यात शाळांच्या सहली घेऊन ते तिथं जात. मुलं वरून आली की गाडीत एकच कालवा असे. भिंतीला तोंड लावून पुटपुटलं तरी घुमटाच्या पार पलीकडं ऐकू येतं, सर, खरंच ऐकू येतं. त्यांचा मुलगा शाकीर सहावीत असताना त्याच्या वर्गाची सहलही त्यांनीच नेली. शाकीर वर्गाबरोबर वर गेला आणि त्याचे वडील खाली लिंबाच्या सावलीत बसून राहिले.

लग्नानंतर अमिनाभाभी त्यांना म्हणाल्या होत्या, "मला एकदा तिथं न्या. तुमी एका बाजूनं बोला, मी दुसऱ्या बाजूनं ऐकते." पुढच्या खेपेला, असं त्यांनी सांगितलं. मालकाच्या गाडीत जागा उरली तरी बायकोला बसवायला त्यांना संकोच वाटे. पुढची खेप येत राहिली, जात राहिली.

लॉकडाऊनमध्ये मालकानं गाड्या विकून टाकल्या. इलाहीभाई घरी बसले. तोवर शाकीर मस्कतला गेला होता आणि मुलगी कौसर लग्न होऊन पुण्याला. वर्ष-दीड वर्ष ते गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. कोणत्या गाडीचा नोझल खराब आहे ते न बघता सांगत. मग एके दिवशी मला म्हणाले, "साहेब, रविवारी मोकळे हाव का? मंद्रूपला जाऊन येऊ. एक मॅटडोर बघायची हाय."

मंद्रूपला जोतीराम नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर ती गाडी उभी होती. उभी म्हणजे चाकं मातीत गेलेली. आत कांद्याची पोती आणि मागच्या बाकावर कोंबड्यांचा संसार. इलाहीभाईंनी इंजिनावरचं झाकण उचललं, हात आत घातला.

"चालू व्हत न्हाय बघा ती," जोतीराम म्हणाला. "खोटं कशाला सांगू."

"हुईल."

"मग न्या की. पर चार दिवस थांबा. कोंबड्यांना दुसरं घर बघतो."

पेठेमागच्या मोकळ्या जागेत ती मॅटडोर ओढत आणली तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. चनबसप्पा टिंकरनं खालचा पत्रा ठोकून पाहिला आणि म्हणाला, "भाई, ह्यात पत्र्यापेक्षा भोकंच लई हायेत."

"म्हणून तर तुला बोलावला. भोकं नसती तर रंगारीच बोलावला असता."

त्यानंतर ऑफिसला जाता-येता ती गाडी बघणं हा माझा नेमच झाला. खालचा पत्रा सगळा नवा बसला. इंजिन उतरलं, महिनाभर घराच्या ओसरीत पडून राहिलं. अमिनाभाभी माझ्या बायकोला, वैजयंतीला, म्हणत, "भाभी, माझ्या डोक्याला कधी तेल लावून दिलं नाही ह्यांनी. तिला रोज ग्रीस."

आतली रचना मात्र त्यांची स्वतःची होती. प्रवाशांच्या तक्रारी त्यांनी जन्मभर ऐकल्या होत्या आणि मालकाच्या गाडीत त्यावर काही करता आलं नव्हतं. मागं बसून बायकांना मळमळतं, म्हणून मागचा बाक काढून तिथं आडवं होण्यापुरता पलंग केला. मुलं खिडकीसाठी भांडतात, म्हणून प्रत्येक सीट खिडकीला लावली. सीटखाली स्टोव्ह आणि डब्यांची पेटी, मागच्या दाराला पाण्याची टाकी आणि हात धुवायला तोटी. पडदे आमच्याच पेढीतल्या चादरीच्या कापडाचे. अमिनाभाभींचे गुडघे धरलेले, म्हणून दाराखाली जमिनीपासून वीतभर उंचीवर एक जादा पायरी वेल्डिंग करून घेतली. ती पायरी त्यांनी तीनदा कापून परत बसवली. दर वेळी भाभींना घरातून बोलवायचं, चढा म्हणायचं, उतरा म्हणायचं.

"अहो, चपाती जळतीय माझी," त्या म्हणत.

"जळू दे. पाय सांग, दुखला का?"

गाडी टूरच्या पासिंगची होती, ती घरगुती करून घेतली. पिवळ्या पाटीच्या जागी पांढरी पाटी लागली त्या दिवशी ते पाटीसमोर उकिडवे बसून होते. मला म्हणाले, "पांढऱ्या पाटीचं स्टेअरिंग पहिल्यांदाच हातात."

शाकीर फोनवर म्हणे, "अब्बा, कशाला ती खटपट? मी आलो की भाड्यानं चांगली एसी गाडी घेऊ."

"भाड्याच्या गाडीला डायव्हर असतो ना बेटा," ते म्हणाले. "तो खालीच थांबणार. आपल्याला सगळ्यांनी वर जायचंय."

शाकीर बकरीदला येणार होता, जमलं नाही. मग डिसेंबरला येतो म्हणाला. गाडीवर त्यांनी ताडपत्री घातली आणि दर चार दिवसांनी ती काढून इंजिन चालू करून ठेवू लागले. डिसेंबरातही रजा मिळाली नाही. कौसर मात्र दोन मुलींना घेऊन आली होती आणि तिला लगेच परतायचं होतं. इलाहीभाई आमच्या दारात आले.

"साहेब, वैनींना घेऊन चला आमच्यासोबत. सीटा मोकळ्या हायेत. मोकळी गाडी न्यायची सवय न्हाय मला."

सकाळी निघालो. अमिनाभाभी पुढं, त्यांच्या शेजारी. मंद्रूप गेलं, भीमेचा पूल गेला, पाट्या कन्नड झाल्या. ते गाडी इतकी सावकाश चालवत होते की ट्रॅक्टर पुढं जाऊ लागले. एका ढाब्यावर थांबलो. ढाब्याच्या मालकानं इलाहीभाईंना ओळखलं, हाताला धरून मागच्या टेबलाकडं नेऊ लागला. गिऱ्हाईक आणणाऱ्या डायव्हरला तिथं जेवण फुकट असतं. इलाहीभाईंनी हात सोडवून घेतला.

"आज पैसे देऊन जेवणार. माझी माणसं हायेत ही."

विजापूरला गाडी नेहमीच्या लिंबाखाली लावली. उतरून त्यांनी दार उघडलं आणि एका दमात म्हणून गेले, "पाण्याची बाटली घ्या, किमती सामान ठेवू नका, दोन तासांत परत या." खिशातून फडकं काढून काच पुसायलाही लागले.

"डायव्हरसाब," भाभी म्हणाल्या, "तुमी येताय का आमी जाऊ?"

ते हसले. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि आमच्याबरोबर चालू लागले. एवढ्या वर्षांत त्यांना तिकिटाच्या रांगेत मी प्रथमच पाहत होतो.

आत कोपऱ्यातल्या मनोऱ्यात वर जायचा जिना आहे. अरुंद, अंधारा, आणि एकेक पायरी गुडघ्याएवढी. इलाहीभाई त्या दारात थांबले.

"हे चढायचं?"

"हो अब्बा, वरपर्यंत," कौसर म्हणाली, आणि मग आईच्या गुडघ्यांचं तिच्या लक्षात आलं.

आम्ही सगळे इथं लहानपणी आलो होतो. मी, वैजयंती, कौसर, शाकीर. त्या वयात जिना लक्षात राहत नाही. सहलीच्या शेकडो मुलांनी इलाहीभाईंना घुमटातल्या आवाजाचं सांगितलं. पायऱ्यांचं कोणी सांगितलं नाही. गाडीच्या एका पायरीसाठी तीनदा वेल्डिंग करणारा माणूस त्या जिन्याकडं बघत राहिला.

भाभी भिंतीला धरून थोड्या चढल्या आणि बसल्या. धाप कमी झाल्यावर म्हणाल्या, "माझ्यानं हुणार न्हाय. तुमी जावा."

"मग मी पण न्हाय जात."

"जावा म्हणते ना. किल्ली द्या. मी गाडीपाशी बसते. गाडी सोडून कसं जायचं, असं तुमीच म्हणत होता की जन्मभर."

किल्ली त्यांनी हातातून काढूनच घेतली. वैजयंती त्यांच्याबरोबर खाली गेली.

इलाहीभाई दमत, टेकत वर आले. सज्जात कुठल्या तरी शाळेची मुलं शिट्ट्या मारत होती आणि प्रत्येक शिट्टी पुन्हा पुन्हा वाजत होती. कौसर पलीकडं जाऊन भिंतीला कान लावून उभी राहिली, हातानं खुणावलं. इलाहीभाईंनी भिंतीशी तोंड नेलं. बोलले काही नाहीत. मग वळले आणि बाहेर उघड्या गच्चीवर गेले. मी मागोमाग गेलो.

कठड्यावरून ते खाली बघत होते. बाग, फाटक, त्यापलीकडं रस्ता आणि लिंब.

"ती बघा साहेब आपली गाडी. टपावर एका कोपऱ्यात रंग राहिलाय, वरनं आत्ता दिसला." मग थोड्या वेळानं, "पायरीवर बसलीय ती. पिवळी ओढणी."

त्यांनी फडकं काढून हलवलं. पिवळा ठिपका हलला नाही. भाभी रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या. कौसर आणि मुली आल्या, आता उतरू या म्हणाल्या.

"जरा थांबा की," ते म्हणाले. फडकं हातातच होतं. "वर बघंल ती."

आम्ही थांबलो.