खरडलेला मासा

मुर्ध्याच्या खाडीवर माझे बाबा होड्या रंगवायचे. नारळी पौर्णिमेच्या आधी जुना रंग खरडायचा आणि होडीच्या टोकावर नवा मासा काढायचा. दर वर्षी नवा निघतोच, म्हणून फोटो काढायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्या माशांवर मी कविता लिहिल्या. पुस्तक निघायच्या आत बाबा गेले.

माझं पहिलंवहिलं पुस्तक हातात आलं तशी मी खाडीवर धावले. चुलतकाकांच्या होडीवर बाबांचा शेवटचा मासा होता; त्याच्यासमोर मला कविता वाचायची होती. काका पत्र्याने रंग खरडत होते. शेपटी तेवढी उरली होती. मी त्यांचा हातच धरला. "काका, हे एक वर्ष राहू द्या. पाया पडते तुमच्या."

"बाय, जुन्यावर नवा रंग बसत न्हाय. लाकूड कुजंल." मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाले, "यात हाय ना त्याचा मासा? दाखव."

मुखपृष्ठावर प्रकाशकाने गुलाबाचं फूल छापलं होतं. मी पानं उलटत राहिले. सगळीकडे नुसती अक्षरं. काका पत्रा हातात धरून वाट बघत होते.