ओरडेल त्याला शिट्टी

रविवारी दुपारी बेळगावहून माझ्या बहिणीचा, सुनंदाचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. पहिला प्रश्न, "आज काय झालं गं ग्राउंडवर?" एक किस्सा सांगायला बसावं तर त्याच्या मागोमाग दुसरा आठवतो, दुसऱ्यातून तिसरा निघतो, आणि इकडे नवरा ताट वाढून डोळे वटारत बसलेला! दीड वर्ष झालं, बेंगळुरूत हेब्बाळजवळच्या एका पोरांच्या फुटबॉल लीगमध्ये मी फुकट रेफरीगिरी करतेय. किस्स्यांना तोटा नाही. हाल आहेत ते गुडघ्यांचे!

*

आधी मी रेफरी कशी झाले ते सांगते. त्यात मला मिरवण्यासारखं काही नाही, पण सांगते.

माझा आवाज मोठा आहे. एका सरकारी कारखान्यात मी टेस्टिंगला आहे. सगळी मशिनं चालू असताना या टोकाहून त्या टोकाला मी हाक मारते, माइक लागत नाही. तोच आवाज मी मल्हारच्या मॅचला घेऊन जायची. मल्हार माझा मुलगा, तेव्हा दहा वर्षांचा. "पास दे! अरे डावीकडे बघ! झोपलास काय!" असं चाळीस मिनिटं चालायचं.

एका रविवारी रेफरीनं मल्हारचा गोल नाकारला. रेफरी म्हणजे कॉलेजातला पोरगा, हौसेनं येणारा. मी त्याला असं काही फैलावर घेतलं, की तो शिट्टी काढून सरळ स्टेला मिसकडे गेला. "मिस, मी पुढच्या रविवारपासून येणार नाही." त्याचे डोळे भरले होते. ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी अजून गोलाबद्दलच भांडत होते.

स्टेला मिस म्हणजे रिटायर्ड पीटी टीचर, लीग त्याच चालवतात. त्या माझ्यापाशी आल्या. "अक्का, आमच्या लीगचा एकच नियम आहे. जो ओरडेल, पुढच्या रविवारी शिट्टी त्याच्या गळ्यात."

"मला नियम कुठं येतात, मिस?"

"ओरडताना येत होते की!"

गाडीत, हेब्बाळचा फ्लायओव्हर चढल्यावर मल्हार म्हणाला, "आई, तू यापुढं माझ्या मॅचला येऊ नकोस."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. नाही विसरला. पुढच्या शनिवारी त्यानं बाबाला विचारलं, "उद्या तू येशील ना? एकटाच?" मी स्वयंपाकघरात होते, पीठ मळत. वाईट वाटलं, फार वाटलं. पण पोराचं चुकत नव्हतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

एका रविवारची शिट्टी माझ्या गळ्यात कायमचीच राहिली. तेव्हापासून ग्राउंड एकच, पण तो तीन नंबरच्या मैदानात आणि मी एक नंबरच्या. माझ्याकडे आठ वर्षांखालची चिल्लीपिल्ली. त्याच्या मैदानाकडे बघायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलेलं.

*

माझी पहिलीच मॅच. रात्रभर बसून नियमांचं पुस्तक पाठ केलेलं. पाचव्या मिनिटाला एक छोटी एकदम खाली बसली. तिचा दात पडला होता!

झालं! बॉल तिकडे एकटा पडलेला, आणि दोन्ही टीमची चौदा पोरं गवतात गुडघ्यांवर, दात शोधतायत. गोलकीपरसुद्धा आले. पुस्तकात यावर एक ओळ नाही. मी आपली घड्याळ थांबवून उभी.

एवढ्यात एक चष्मेवाला माझ्याजवळ आला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मिस, दात लाइनीच्या बाहेर सापडला तर थ्रो-इन कुणाचा?"

मी म्हटलं, "जिचा दात, तिचा."

दात आतच सापडला. नाहीतर तोही थ्रो-इन द्यावा लागला असता!

*

देशपांडे इलेक्ट्रॉनिक सिटीहून येतात. म्हणजे अख्खं बेंगळुरू आडवं कापून, पहाटे पाचला निघून. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये. एवढ्या लांबून आलेला माणूस गप्प बसेल? मुलगी खेळत असली की यांचं लाइनीवरून अखंड, "ऑफसाइड! अहो, क्लिअर ऑफसाइड!"

आठ वर्षांखाली आमच्याकडे ऑफसाइडच नाही. पण ओरडले, म्हणजे शिट्टी आलीच. पुढच्या रविवारी साहेब हजर! काळा ड्रेस, दोन घड्याळं, खिशात लॅमिनेट केलेले नियम. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी अकरा वेळा शिट्टी वाजवली. प्रत्येक वेळी थांबवून पोरांना समजावून सांगायचे, काय चुकलं, का चुकलं.

बाराव्या वेळी गोलकीपर पोरगी गोल सोडून चालत त्यांच्याकडे आली. "अंकल, तुमचं झालं की आम्ही खेळू का?"

देशपांड्यांनी शिट्टी खिशात ठेवली. हाफटाइमला मला म्हणाले, "वैशालीताई, मी घरी पण असाच वागतो का हो?" मी त्यांना चहा दिला.

आता ते आमचे सगळ्यात चांगले रेफरी आहेत. बारा वर्षांखालच्या मॅचेस त्यांच्याकडेच असतात.

*

बिरादार अण्णांना विसरून कसं चालेल! विजापूरकडचे, सत्तरीचे, नातवाला घेऊन येतात. एकदा तेही ओरडले. मिसचा नियम वय बघत नाही.

अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण माझ्याच्यानं पळवणार नाही, गुडघा गेलाय." आणि घरून प्लास्टिकची खुर्ची आणून मैदानाच्या बरोब्बर मध्ये मांडून बसले! उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, शिट्टी मारायची. पोरं मजेत आजूबाजूनं पळतायत. एकही भांडण नाही.

मॅच संपायला एक मिनिट असताना बॉल खुर्चीच्या पायावर आपटला, वळला आणि थेट गोलात! एक टीम नाचायला लागली, दुसरी रडायला. आई-बाप सगळे लाइनीवर आले, पण ओरडेना कुणी. ओरडलं तर शिट्टी गळ्यात! सगळे नुसते हातवारे करतायत.

अण्णांनी स्वल्प विचार केला. "खुर्ची माझी, म्हणजे चूक माझी. गोल नाही." मग उठले, खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली, आणि राहिलेलं एक मिनिट त्यांनी उभं राहून काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

*

आता माझा एक. हा सुनंदाला मी फार उशिरा सांगितला.

पावसाळा होता, ग्राउंडवर चिखल. दोन पोरं डोकं खाली घालून समोरासमोर धावत येत होती, आता टक्कर होणार. मी शिट्टी फुंकली, तर आत चिखल! आवाजच नाही. मग मी घरचा आवाज काढला.

"थांबाऽऽऽ!"

पोरं थांबली. टक्कर वाचली. पण दोन नंबरचं मैदानही थांबलं. तीन नंबरचंही थांबलं. गेटवरचा शहाळीवाला कोयता उगारून तसाच थांबला!

तीन नंबरवर मल्हार होता. बॉल त्याच्या पायात, समोर नुसता गोलकीपर. माझा आवाज ऐकून तो जागच्या जागी थांबला, आणि मागून आलेल्या पोरानं बॉल काढून नेला. मॅच ते एका गोलनं हरले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अरे, तुला नव्हतं म्हटलं ते."

"माहितीय," तो म्हणाला. "पण तू म्हटलंस की मी थांबतोच ना." आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नवरा म्हणाला, "सोड ना, पोरगं आहे." कसं सोडणार? पोराला आपला आवाज नकोसा झालाय, हे आईनं कुठं ठेवायचं, सांगा!

*

आमच्या लीगमध्ये मोठ्या पोरांना लहानांच्या मॅचला झेंडा घेऊन लाइनीवर उभं राहावं लागतं. गेल्या महिन्यात मल्हारची पाळी आली. मॅच माझी! त्यानं मला बघितलं आणि अगदी परक्यासारखं "गुड मॉर्निंग, रेफ" म्हणाला. मीही "गुड मॉर्निंग" म्हटलं.

एकदा बॉल बाहेर गेला, मल्हारनं झेंडा दाखवला. बरोबर दाखवला होता, मी समोरच होते. पण एक नवा बाप त्याच्या अंगावर धावून आला. "ए, डोळे फुटले काय रे तुझे? खेळता येत नाही म्हणून झेंडा दिलाय काय?"

मल्हारचं तोंड एवढंसं झालं. माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं सगळं, त्या कॉलेजच्या पोरावर काढलं होतं त्याच्या दुप्पट! मी चालत गेले. हळू आवाजात म्हटलं, "सर, झेंडा बरोबर आहे. पुढच्या रविवारी शिट्टी तुमची. सात वाजता या." आणि खेळ सुरू केला.

परतताना फ्लायओव्हर आला, गेलाही.

"आई, तू त्या अंकलवर ओरडली का नाहीस?"

"ड्युटीवर होते."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "स्वल्प ओरडली असतीस तरी चाललं असतं."

पुढच्या शनिवारी मी पीठच मळत होते. तो दारात येऊन उभा राहिला. "उद्या तुला ड्युटी नाहीये. मी मिसना विचारलं."

"मग?"

"मग माझी मॅच आहे ना. ये की."

*

गेले. दीड वर्षानं! तीन नंबरचं मैदान, रेफरी देशपांडे. मी ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी पाण्याची बाटली धरून लाइनीवर उभी. नवरा दोनदा म्हणाला, "अगं, श्वास तरी घे." मल्हारला पाडलं, मी गप्प. त्याचा शॉट बारला लागला, मी गप्प. शेजारी बिरादार अण्णांनी खुर्ची पुढं केली, तरी बसले नाही.

एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. थ्रो-इन माझ्या समोरच मिळाला. मल्हार बॉल घ्यायला आला, घामानं भिजलेला, गालाला चिखल. बॉल डोक्यावर धरला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"आई, बरी आहेस ना?"

मी मान हलवली.

"मग ओरड की!"

त्यानं बॉल आत टाकला, दुसऱ्या पोराकडून परत पायात घेतला आणि पळत सुटला. मी बाटली सोडली.

"पळ, मल्हाऽऽऽर!"

तिन्ही मैदानं थांबली. शहाळीवाला थांबला. देशपांडे शिट्टी तोंडात धरून थांबले.

मल्हार तेवढा थांबला नाही.