पोकळीतली फळी

चूक माझीच होती. उल्हासनगरला शाळा बांधत होतो आणि मी सुपरवायझर होतो. भिंत दुहेरी विटांची, मधे पोकळी आणि दोन्ही बाजू जोडणाऱ्या लोखंडी सळ्या. एक वयस्क गवंडी पोकळीत गोणपाट गुंडाळलेली फळी ठेवायचा आणि दर चार थरांनी वर ओढून तिच्यावर पडलेला सिमेंटचा मसाला काढायचा.

"मिस्त्री, भिंत बांधताय की विहीर उपसताय?"

"सायेब, आत मसाला साचला तर ओल वर्गात येईल. पोरं बसायचीत तिथं."

उशीर होतो म्हणून मी त्याला कामावरून काढलं आणि बाकीची भिंत फळीशिवाय बांधून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात वर्ग ओलावले, मुलं खोकू लागली. मी रोज भिंतीला हात लावून बघायचो, चैन पडेना.

अखेर तो अंबरनाथला एका बांधकामावर भेटला. मला पाहूनही त्याची थापी थांबली नाही. सगळ्या मजुरांसमोर म्हणालो, "मिस्त्री, तुमच्या कामात खोट नव्हती. घाई माझी होती. मला माफ करा."