काचेवरचा उलटा शिक्का

गल्लीत त्यांना खात्रीकाका म्हणत. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानाला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन पुन्हा ओढून बघायचे. गिऱ्हाईक म्हणालं, "आता स्वच्छ दिसतंय," की काकांचा प्रश्न ठरलेला, "खरंच दिसतंय, की जायची घाई आहे?"

अशा माणसाच्या दारात सासऱ्यांची जुनी मोटार उभी होती. काकू तिच्यावरच गाडी शिकल्या होत्या, आणि वडील गेल्यावर ती त्यांच्याकडे आली होती. रविवारी सकाळी काकू चालवत आणि काका शेजारी बसून समोरच्या प्रत्येक वाहनावर संशय घेत. पण सगळ्यात मोठा संशय गाडीवरच होता. या जातीच्या मोटारींची मागची काच तिरकी असते. हिची मात्र सरळ उभी, चौकोनी. त्यातून काचेवरचा कारखान्याचा शिक्का खालच्या कोपऱ्यात असायला हवा, तो वरच्या कोपऱ्यात, आणि अक्षरं डोक्यावर उभी.

"तुमच्या बाबांना कुणीतरी टोपी घातली," काका म्हणत. "आपटलेली गाडी, भलतीच काच लावून गळ्यात मारली."

"गळ्यात पडलेलं निभवायची सवय आहे आमच्या घराण्याला," काकू म्हणत आणि त्यांच्याकडे बघत.

मग नियम आला. जुन्या मोटारी भंगारात जाणार. सुटका एकच, दुर्मिळ वाहन म्हणून नोंदणी. अट अशी की गाडी कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे. काकू त्या संध्याकाळी फडकं घेऊन बाहेर गेल्या. गाडी पुसत राहिल्या.

त्याच आठवड्यात काकांना गाडीवरची ताडपत्री उचलून वाकलेला एक अनोळखी माणूस दिसला. तो मागची काच वितीने मोजत होता.

"कोण रे तू?"

"फक्त काच बघतोय, काका."

"काच बघायची तर दुकानात ये, नंबर काढून देतो! इथे पुन्हा दिसलास तर पोलिसांना बोलावीन!"

माणूस गेला. काकांनी गाडीच्या दोन्ही दारांची कुलपं ओढून बघितली.

वाहन कार्यालयातल्या तपासनीसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि काचेपाशी थांबला. "ही नंतर बसवलेली आहे."

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "सुरुवातीच्या थोड्या गाड्या अशाच निघाल्या होत्या. बाबा सांगायचे."

"कंपनी केव्हाच बंद पडलीय. तेव्हा अशी दुसरी गाडी दाखवा."

काकांना राहवलं नाही. "अहो, दुसऱ्या दिसायला लागल्या तर ही दुर्मिळ कशी?"

"आणि एकही दिसली नाही, तर ही खरी कशावरून?"

 आयुष्यात पहिल्यांदाच काकांना आपल्या तोडीचा माणूस भेटला होता. महिनाअखेरपर्यंत दुसरी गाडी आणा, नाहीतर ही भंगारात, असं सांगून तपासनीस आत गेला.

परतताना काकू म्हणाल्या, "तो काच मोजणारा आठवतो? बेकरी आहे त्याची. फोन नंबर आहे माझ्याकडे."

"तुझ्याकडे? कधी घेतलास?"

"तुम्ही कुलपं ओढत होतात तेव्हा."

बेकरीच्या मागच्या शेडमध्ये शिरताना काकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली होती. माणूस फोनवर इतकं गोड बोलला म्हणजे नक्की टोळी असणार. बेकरीवाल्याने हाताचं पीठ झटकलं आणि कापड ओढलं. तीच मोटार. तीच उभी काच.

"मलाही त्याच साहेबांनी परत पाठवलं," तो म्हणाला. "म्हटलं, जोडीची आहे का बघावं. तर तुम्ही पोलिसांचं नाव काढलंत."

काकांनी खिशातून भिंग काढलं. आधी खालचा कोपरा बघितला, तिथे काही नव्हतं. मग वरचा. शिक्का होता, डोक्यावर उभा. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा बघितलं आणि खिशात ठेवलं.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. तुझ्या बाबांना कुणी फसवलं नव्हतं."

काकूंनी मान वळवली आणि पदराने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या आवारात दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. तपासनीसाच्या कपाळावरची आठी हलली नाही. "दोन्ही एकाच गॅरेजात जोडल्या नाहीत कशावरून?"

स्वतःच्याही मनात हाच प्रश्न येऊन गेल्याने काकांना त्याचा राग येईना. त्यांनी नुसतं भिंग पुढे केलं. तपासनीसाने एक काच बघितली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. चेहरा हळूहळू सैल झाला.

"दोन्ही उलट्या बसवल्यात की!" तो हसला. "लबाडी करणारा शिक्का सुलटा लावतो हो, संशय येऊ नये म्हणून. एका गाडीला अशी चूक झाली तर कुणाचा तरी हात चुकला म्हणावं. दोन्हींना नेमकी तीच, म्हणजे कारखान्यातच त्या खेपेच्या काचांचा सगळा घाणा उलटा निघालेला." त्याने दोन्ही अर्जांवर सही केली.

घरी येताना काकू गाडी अंमळ जास्तच जोरात चालवत होत्या. काकांनी समोरच्या एकाही वाहनावर संशय घेतला नाही.

"बाबांची गाडी अस्सल ठरली," काकू आरशात बघत म्हणाल्या. "आता जावई तपासायचा राहिलाय."

"त्याला जोडीचा मिळायचा नाही," काका म्हणाले.

दारात गाडी लावून दोघं घरात शिरली. जरा वेळाने बाहेर कुलूप खडखडल्याचा आवाज आला. काकूंनी वळूनही बघितलं नाही.